चामडं आत नको

"ए बाबा, ती हलगी बाहेर ठेव. चामडं आत नको."

सांगलीतल्या जुन्या चर्चच्या दारात तिथले पंच माझ्या वडिलांना असं म्हणाले. आबा वयानं त्यांच्यापेक्षा मोठे. तरी 'ए' आणि 'ठेव'. म्हणणाऱ्याच्या पायात चामड्याचेच चकचकीत बूट होते. ते बूट आतल्या गालिच्यावरून ऐटीत चालत गेले.

ईस्टरची सामायिक उपासना होती. खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांनाही बोलावलं होतं. आम्ही कडेगावजवळचे. आमची मंडळी पत्र्याच्या शेडात भरते. चपला दारात काढायच्या, सतरंजीवर बसायचं, हलगीच्या ठेक्यावर भजन म्हणायचं. इथं बाकं, ऑर्गन, कोट, टाय. असू दे. देवाला दोन्ही ऐकू येतं, अशी माझी समजूत होती.

आबांनी हलगी भिंतीला टेकवली. सवयीनं चपलाही काढल्या. एक बाई हसल्या, "अहो, देऊळ नाही हे. चपला घालून या."

म्हणजे चपला चालतात. हलगी चालत नाही.

गावच्या जत्रेत आबांनी उभा जन्म देवळाच्या पायरीखाली हलगी वाजवली. आत कधी घेतलं नाही कुणी. बाप्तिस्मा झाला त्या दिवशी म्हणाले होते, "आता वाजवीन ती देवाम्होरंच. भाईर हुबं ऱ्हाऊन न्हाई." आणि आज देवापुढंच ते मान खाली घालून बसले होते. ऑर्गन वाजत होता. माझ्या डोक्यात नुसता जाळ.

उपासना संपली. आता रस्त्यानं मिरवणूक निघणार होती. तेच पंच लगबगीनं आले. "हं, आता वाजव. जोरात."

आबांचा हात हलगीकडं गेला. जन्माची सवय. मी ती आधीच उचलली आणि माझ्या खांद्याला अडकवली.

"न्हाई वाजवायची, आबा."

"अगं, देवासाठीच आहे ना?" पंच म्हणाले.

"देवाम्होरं हुतो तवा भाईर ठिवायला लावलीसा. आता रस्त्यावर कशाला पायजे?"

मिरवणूक हलगीशिवाय गेली. एसटीत आबा माझ्यावरच चिडले, "देवाच्या कामात आडवी आलीस." मी ऐकून घेतलं. वाईट वाटलं. पश्चात्ताप नाही झाला.

यंदा पुन्हा बोलावणं आलंय. मी स्पष्ट कळवलंय, हलगी वेदीपुढं वाजेल. तिथं जागा नसेल, तर तुमच्या रस्त्यावरही वाजणार नाही. आबांचे हात आता थरथरतात, त्यामुळं वाजवणार मी. आणि चपला मी दारातच काढणार. कुणाला हसायचं ते हसू दे.