पयली बामी

गोष्टीत म्हातारा माणूस आला म्हणजे शेवटी जाणारच, अशी तयारी करून बसला असाल तर रुमाल खिशात ठेवा. आमचे दिघ्याचे घरमालक काका चांगले ठणठणीत होते.

नव्वदच्या दशकात, नव्या शहरासाठी जमिनी गेलेल्यांना सरकारकडून प्लॉट मिळायला लागले, तशी काकांनी घराण्याची वंशावळ जुळवायला घेतली. सकाळी शाळेचं जुनं रजिस्टर, दुपारी तलाठ्याकडे सातबारा, संध्याकाळी गावातल्या म्हाताऱ्या. नाव सापडलं की मांडीवर थाप, आणि त्या माणसाच्या तोंडची एखादी जुनी म्हण पुटपुटायचे. अर्ज लिहायला मी, त्यांचा सातारकर भाडेकरू.

तलाठी म्हणाले, "काका, बहिणीचं नाव कशाला? लग्न होऊन गेली ती. उगाच प्लॉटात हिस्सा जाईल." काकांचा मुलगाही मान डोलवत होता.

काकांनी टोपी सरळ केली. "मिठागरान माज्यासंगती पाय फाटले तिचे. तवा कोनी नाय बोलला, ही जानार हाय. पयली बामी लिव रं."

मी लिहिलं. मुलगा पाय आपटत पुढे निघून गेला. काका मात्र छाती काढून चालत होते.

संध्याकाळी टपरीवर मी त्यांची नक्कल केली. टोपी सरळ केली, मांडीवर थाप मारली आणि म्हटलं, "पयला बहिनीचा नाव लिव रं." पोरं हसून लोळली, आणि एकदम गप्प झाली. मागे काका उभे होते. मला वाटलं, गेली आपली खोली.

"बहीन बहीन काय करतंस?" काका कडाडले. "तिला नाव हाय. बामी बोल."