जगदाळे मिस्त्री आणि पुलावर मरणारी गाडी

पहिल्याच भेटीत मी जगदाळे मिस्त्रींना सांगितलं, की गाडीचा कार्बोरेटर गेलाय, तेवढा बदलून द्या. ही माझी चूक.

मिस्त्री उकिडवे बसून कुठल्याशा स्कूटरचं चाक उतरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बदला की. माझ्याकडं कशाला आलाय?"

"म्हणजे, तुम्हीच बदलायचाय."

"मग रोग सांगा. औषध सांगू नका."

विठ्ठलवाडी स्टेशनामागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. माणूस मूळचा साताऱ्याकडचा. चाळीस वर्षं कल्याणात काढूनही बोलण्यातला माण-खटाव तसाच राहिलेला. गिऱ्हाइकासाठी एक स्टूल होतं आणि त्यावर कायम ग्रीसचा उघडा डबा असे. दुसरीकडे जागा नव्हती असं नाही. कुणी बसू नये, एवढाच हेतू. माझ्यासमोर एकदा ठाण्याच्या कोर्टातले एक वकीलसाहेब काळा कोट घालून आले आणि क्लच कसा घट्ट करावा ते समजावू लागले. मिस्त्रींनी पाना त्यांच्या हातात ठेवला. "करा तुम्ही. मी तवर कोर्टात जाऊन तुमच्या अशिलाला फाशी देऊन येतो."

लोक आता म्हणतात, तोंडाने तिखट पण मनाने गोड होते. साफ खोटं. ते मनानेही तिखटच होते. सहा वर्षं मी त्यांच्याकडे गेलो आणि दर वेळी अपमान करून घेऊनच परतलो. गेल्या वर्षी ते वारले. गॅरेजच्या जागी आता मोबाईलची कव्हरं मिळतात, आणि तो दुकानदार मला 'या सर' म्हणतो. मला ते सहन होत नाही.

तर माझा रोग. गाडी बाबांची. ते तिच्यावरून कल्याणजवळच्या मोहन्याच्या कारखान्यात जायचे. मी एकटा असलो की ती डोंबिवलीभर सुखाने फिरायची. पण बायको मागे बसली आणि चढ लागला, की दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकायची आणि निम्म्यात मरायची. पत्रीपुलावर तीन वेळा असं झालं. तिसऱ्या वेळी आम्ही सुजाताच्या मामेबहिणीच्या साखरपुड्याला निघालो होतो. पैठणी सावरत, हॉर्न देणाऱ्या रिक्षावाल्यांकडे न बघता, सुजाता चढ चालून गेली. मी मागून गाडी ढकलत पोचलो, तर ती कठड्याशी उभी.

"रविवारी भंगारवाला येतोय. फोन करून झालाय."

तो गुरुवार होता. तोवर मी प्लग बदलला होता, चेन बदलली होती, एअर फिल्टर धुतला होता आणि व्हिडिओ बघून कार्बोरेटर उघडला होता. बाबांची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे चालत्या अवस्थेत उरली होती, आणि तीही मी अर्धी मारून ठेवलेली. म्हणून शुक्रवारी जगदाळे मिस्त्री.

"एकटा असलो की पळते," मी रोग सांगितला, "बायको बसली की मरते."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "मग बायकोला घेऊन या."

"अहो, दुसरं कुणी बसवून बघा ना."

"रिकाम्या गाडीला रोग नसतो. ज्या माणसाला घेऊन मरती, तेच माणूस आणा."

बायकोला काही गोष्टी सांगायच्या नसतात. 'मिस्त्रींनी वजन म्हणून तुला बोलावलंय' ही त्यातली एक. मी सांगितली. शनिवारी सुजाता आली ती मिस्त्रींना झोडायलाच.

"मला वजन कोण म्हणालं?"

"मी न्हाय," मिस्त्रींनी हात पुसले. "ह्यांनीच सांगितलं, तुम्ही बसला की मरती म्हणून. बसा वहिनी."

दोघं वालधुनीच्या पुलाकडे गेले. मी त्या स्टुलाशेजारी उभा राहिलो. पंधरा मिनिटांनी गाडी परत आली ती खणखणीत आवाज करत. निम्म्या चढावर ती नेहमीसारखी मेली होती. मिस्त्रींनी फक्त टाकीचं झाकण उघडलं, आत फुस्सकन हवा शिरली, आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू. झाकण किलकिलं ठेवून दोघं अख्खा पूल चढून आले होते.

मिस्त्रींनी झाकण माझ्या नाकासमोर धरलं. "ह्याला हवा जायला बारीक भोक असतंय. वरनं हवा शिरली तर खाली पेट्रोल उतरतंय. सपाटीला थोडक्यात भागतं. दोघं घिऊन चढाला जास्त लागतं, तवा गाडी उपाशी मरती. आता ह्या भोकात काय भरलंय, सांगा."

त्यांनी नखाने खरवडलं. लाल-पिवळा खडा निघाला.

मी गाडीचा आरसा पुसू लागलो. सुजाताने सांगून टाकलं. "हळदकुंकू. दसऱ्याला आमचे हे गाडीची पूजा करतात. आणि गाडी मरायला लागल्यापासून तर दर मंगळवारी."

खरं होतं. बाबा दसऱ्याला हेडलाइटवर एक बोट टेकवायचे. मी भक्तीच्या भरात थेट टाकीच्या झाकणावर ओला लेप द्यायचो. गाडी जितकी मरे, तितका लेप जाड.

"म्हंजे आधी गळा आवळायचा," मिस्त्री म्हणाले, "आन वर नमस्कार करायचा."

सुजाताने बांगडीतली सेफ्टी पिन काढून दिली. मिस्त्रींनी भोक मोकळं केलं, फुंकर मारली, झाकण लावलं.

"ठेवण्यासारखी आहे का हो?" सुजाताने विचारलं. "उद्या भंगारवाला येतोय."

मिस्त्रींनी टाकीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. माणसाला त्यांनी असा हात लावलेला मी कधी पाहिला नाही. "धा वर्षं ओढंल अजून."

सुजाताने तिथेच फोन लावला. "उद्या येऊ नका. नाही, विकायची नाही."

मी किल्लीसाठी हात पुढे केला. मिस्त्रींनी ती सुजाताला दिली. "वहिनी, चालवता येती?"

"माहेरी भावाची चालवायचे." तिने ओढणी कमरेला बांधली, एका किकला गाडी सुरू केली आणि आरशात बघितलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"मागं बसा," मिस्त्री म्हणाले. "बघू आता, खरं ओझं घिऊन पूल चढती का."