स्पितीला नेण्याजोगा ट्रेलर

पनवेलला थंडी म्हणजे पंखा तीनवरून दोनवर आणायचे चार दिवस. तरीही निवृत्त झाल्यापासून, कडाक्याच्या बर्फात राहायचा कुठला ट्रेलर टिकतो यावर मी सोसायटीत दिसेल त्याला धरून ऐकवत होतो. मला लिफ्टमध्ये बघून लोक जिन्याने जायला लागले.

कारण मात्र खरं होतं. बायकोला लग्नापासून बर्फ बघायचा होता. आता तिचे गुडघे गेलेले, त्यात परक्या हॉटेलचे जिने आणि गारठलेल्या संडासाची धास्ती. मीच म्हटलं, आपलं घरच गाडीमागे बांधून हिमाचलात स्पितीला नेऊ. ती इतकी खूश झाली की मला चेवच चढला.

पळस्प्याजवळ एकाच्या शेडमध्ये असे ट्रेलर बनतात. हिला घेऊन तिथे गेलो, तर दोन तयार होते, एक बुटका आणि एक उंच. बुटक्याकडे मी ढुंकूनही बघितलं नाही. दगडधोंड्यांतून जायचं तर गाडीचं पोट जमिनीपासून वर हवं, हे व्हिडिओ बघून बघून माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. उंच ट्रेलरखाली मी पाठीवर सरपटलो, भोपळा घेताना ठोकतात तशा भिंती ठोकल्या. मग ऐन मे महिन्यात स्वेटर चढवून, दार लावून, आत हीटर चालू करून बसलो! मालक काच वाजवायला लागला, "काका, बाहेर या आता! काय झालं तर आमी काय सांगायचं?"

घामाने निथळत बाहेर आलो, पण पसंती झाली होती. हिने पिशवीतून कुंकू आणि नारळ काढला. म्हटलं, "आधी आत बघून ये." तिने दांडी धरून पाय उचलला. पायरी तिच्या गुडघ्याच्याही वर. दोनदा प्रयत्न करून तिने पाय खाली घेतला आणि खालूनच दाराला कुंकू लावलं.

"छान आहे हो. तुम्ही जाऊन या. मला बर्फाचे फोटो पाठवा."

"अगं, स्टूल ठेवू की!"

"आणि तिकडे स्टूल धरणार कोण?"

"मी!"

"तुम्ही तर गाडीखाली असाल."

मी नारळ उचलला आणि बुटक्या ट्रेलरसमोर गेलो.

"काका, कुंकू त्या गाडीला लावलंत! आणि ही दगडातून नाय जायची."

"मग डांबरावरून जाईन," मी खेकसलो आणि नारळ फोडला.

वर बघतो तर ही आत जाऊन गादीवर बसलेली. "अहो," म्हणाली, "तुम्ही पण या ना."