प्लास्टिकचा किरीट

मामंजींनी माझा पाण्याचा कॅन कापला तो डिसेंबरातला एक रविवार होता. दहिसरच्या आमच्या बैठ्या चाळीत नळ सकाळी जेमतेम पाऊण तास यायचा, म्हणून मी मोरीत पाच पांढरे कॅन ओळीने भरून ठेवायचे. मी ज्या कारखान्यात कामाला होते तिथे छपाईआधीच आकारात नापास झालेले कॅन आम्हाला घरी न्यायला मिळत. पाचांतला सगळ्यात चांगला, रुंद पोटाचा कॅन मामंजींनी ओट्यावर बसून करवतीच्या पात्याने उभा चिरला होता.

"तो भरलेला होता," मी म्हटलं.

"पाणी तुळशीत ओतलं," ते म्हणाले. वर बघितलं नाही.

त्या काळात आमच्यात एवढंच बोलणं व्हायचं. मामंजी म्हणजे माझे सासरे. गिरणीच्या रंगखात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. संपानंतर गिरणी पुन्हा नीट सुरू झालीच नाही, आणि ते घरी बसले. सासूबाई गावाला, घर आणि आंब्याची चार कलमं सांभाळत. नवऱ्याची दुपारपाळी. त्यामुळे मी चारकोपहून कामावरून परतले की घरात आम्ही दोघंच असायचो, सासरा आणि सून, दहा बाय बाराच्या खोलीत.

त्याच्या आधीच्या वर्षी माझं पहिलं बाळंतपण सातव्या महिन्यातच झालं. मूल जगलं नाही. हॉस्पिटलच्या वऱ्हांड्यात नवरा भिंतीला टेकून उभा होता, मला बाकावर बसवलं होतं, आणि मामंजी कुणाकडेच न बघता म्हणाले, "त्या वासानच गेला तां."

वास म्हणजे माझ्या कारखान्यातला थिनरचा वास. कॅनवर नाव छापायचं, शाई पुसायची, पुन्हा छापायचं, दिवसभर तोच वास. घरी आल्यावर तो माझ्या केसांना, पदराला यायचा. मी नोकरी धरली तेव्हाच त्यांना ते आवडलं नव्हतं.

मी दीड महिन्याने परत कामावर गेले. ते काही बोलले नाहीत. पण तोवर ते घरात माझ्याशी मालवणीत बोलायचे, "गो" म्हणून हाक मारायचे, ते बंद झालं. बँकेतल्या माणसाशी बोलावं तसं शुद्ध मराठी बोलायला लागले. "भात झाला का?" "नळ आला आहे." सुरुवातीला माझ्या लक्षातही आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मीही तशीच बोलायला लागले.

मला राग कशाचा होता ते सांगायला हवं. ते खोटं बोलले असते तर मी विसरले असते. पण हॉस्पिटलच्या बाकावर बसून मीही तेच मनात म्हणत होते. डॉक्टर काही सांगत नव्हते, कारण कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी मनात दाबून ठेवलेलं वाक्य त्यांनी चारचौघांत उघडं केलं होतं.

तर तो कॅन. आमच्या गावच्या मुंबईतल्या मंडळाची सत्यनारायणाची पूजा जानेवारीत व्हायची, आणि त्या वर्षी पूजेला दशावतारी नाटक करायचं ठरलं होतं. मामंजी तरुणपणी गावात राजाचं काम करायचे. मंडळाची माणसं घरी येऊन म्हणाली, राजा तुम्हीच. त्यांचे डोळे चमकले ते मी चहाचे कप ठेवताना पाहिलं. अडचण मानेची होती. मणके झिजलेले, डॉक्टरांनी पट्टा दिलेला. भाड्याने मिळणारा लाकडी किरीट डोक्यावर घेणं शक्य नव्हतं, पुठ्ठ्याचा घामाने लोळागोळा होतो. म्हणून त्यांनी प्लास्टिकचा करायचं ठरवलं. हलका, आणि भिजला तरी ताठ.

हात त्यांचा चांगला होता. आठवड्याभरात किरीट, दोन खांद्यांवरच्या भुजकीर्ती आणि कंबरपट्टा कापून, भोकं पाडून, तारेने शिवून तयार झाले. मग त्यांनी वॉर्निशात सोनेरी पावडर कालवली आणि दुपारभर रंग दिला. मी संध्याकाळी आले तेव्हा ओटा नुसता झळकत होता. शेजारच्या बायका बघायला जमल्या होत्या.

सकाळी त्यांनी किरीट उचलला आणि अंगठा लागला तिथून रंग निघाला. टवका नव्हे, दुधावरची साय निघावी तसा अख्खा पापुद्रा.

त्यांनी घासून पुन्हा रंग दिला. पुन्हा निघाला. कानशीने खरवडून दिला. दोन दिवस टिकला, मग वाकवल्यावर सुटला. आधी पांढरा रंग, त्यावर सोनेरी असं केलं, तर दोन्ही मिळून सुटले. कुणी सांगितलं म्हणून साबणाने धुतलं, कुणी सांगितलं म्हणून डिंकाचा हात दिला. ज्या माणसाने हजारो वार कापडाला रंग चढवला, त्याला पाण्याच्या कॅनचा एक तुकडा दाद देत नव्हता.

आणि मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आमच्याकडे कॅन छापायला घेण्याआधी गॅसच्या ज्योतीपुढून एकदा फिरवायचा असतो. क्षणभरच. त्याशिवाय शाई धरत नाही, नखाने निघते. कामाला लागल्यावर पहिली गोष्ट मला हीच शिकवली होती. मी रोज शेकड्याने कॅन ज्योतीपुढून काढत होते, आणि घरी येऊन मामंजींना पापुद्रे सोलताना बघत होते. बारा दिवस मी एक शब्द बोलले नाही. भाजी चिरताना मला बरं वाटायचं, हेही लिहून टाकते. वास नको ना तुम्हाला, मग बसा.

तेराव्या दिवशी शाळेच्या पटांगणात तालीम होती. बायकांकडे चहाचं काम होतं, म्हणून मी गेले. मामंजी पहिल्यांदाच पूर्ण पोशाखात उभे राहिले. अंगात पांढरी बंडी, वर तो सोनेरी साज. आवाज अजून खणखणीत होता. राजा दरबारात येतो, मान उंच करून चौफेर बघतो. त्यांनी मान वळवली, ती दुखऱ्या मणक्यांमुळे जरा झटक्याने वळली, आणि किरीटावरून सोनेरी पापुद्रे सुटून खांद्यांवर पडले. त्यांच्या लक्षात आलं नाही. ते बोलतच राहिले.

"अरे यार, राजाला कोंडा झालाय!" राक्षसाचं काम करणारा पोरगा ओरडला.

सगळे हसले. बायकाही. हसण्यासारखंच होतं. मामंजी थांबले, खांद्याकडे बघितलं, हाताने झटकलं, आणि तेही जरासे हसले. मग पुढचं वाक्य त्यांना आठवेना. आठवायला म्हणून ते किरीट काढून हातात धरून उभे राहिले. पेटीवाला सूर धरून वाट बघत होता. माझ्या हातात किटली होती आणि मला कुठे बघावं कळत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी सगळा साज पिशवीत भरला. "मंडळाला सांगतो, दुसरा राजा बघा," ते पिशवीलाच म्हणाले.

"मामंजी, स्टो पेटवा," मी म्हटलं.

"चहा नको."

"चहाला नाही. त्या प्लास्टिकला."

ते बघत राहिले. मी आधी रंगाचे डबे आणि वॉर्निशची बाटली उचलून बाहेर ओट्याच्या टोकाला ठेवली, पदर खोचला, आणि पंपाचा स्टो दाराजवळ ओढला. पिवळी ज्योत चालत नाही, काजळी धरते. पंप मारून मारून ज्योत निळी केली. कापून उरलेला एक तुकडा घेतला, मोरीत नेऊन त्यावर पाणी टाकलं.

"बघा. अळवाच्या पानावर कसे थेंब राहतात, तसं पाणी पळतंय ना? पाणी पळतं तिथे रंग थांबत नाही. तेलकटपणा अंगातच आहे त्याच्या. साबणाने जात नाही."

तुकडा पुसला, कोरडा केला, ज्योतीच्या टोकावरून एकदा सरकन फिरवला, गार होऊ दिला, पुन्हा पाणी टाकलं. या वेळी पाणी पसरलं. पातळ, सपाट, काचेवर पसरावं तसं.

मामंजींनी तुकडा माझ्या हातातून घेतला, दिव्याखाली धरून तिरपा केला. बराच वेळ त्यांनी त्यावरचं पाणी बघितलं. मग म्हणाले, "पाणी पिता आता तां."

मालवणीत म्हणाले. त्यांच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही.

त्यांनी स्वतः करून बघितलं. पहिल्यांदा ज्योतीवर जास्त धरलं, भुजकीर्तीची कड वितळून वळली आणि खोलीत मेणबत्ती विझल्यासारखा वास पसरला. त्यांचा हात तसाच थांबला.

"होच काय तो वास?"

"नाही. तो थिनरचा. हा नुसता जळल्याचा."

त्यांनी स्टोची ज्योत बारीक केली. "थंय किती बायका आसत?"

"चौदा."

"त्यांका पोरां आसत?"

"आहेत. एकीला चार आहेत." मग मला वाटलं, अर्धं सांगणंही बरं नाही. "दोघींची माझ्यासारखी गेलीयत. पण तशी कारखान्यात न येणाऱ्यांचीही जातात, मामंजी. मला नाही माहीत. मी पण विचार करते. रोज करते."

स्टो भणभणत होता. मी तो बंद करायला वाकले तेव्हा ते म्हणाले, "तां माझ्या तोंडातसून येवक नको होता." आणि थोड्या वेळाने, "माझाय नातू होतो गो तो."

मी मोरीत गेले आणि नळ नसताना उगाच भांडी हलवत उभी राहिले. बाळ गेल्यावर त्याला नातू असं कुणी म्हटलं नव्हतं. सगळे "जे झालं ते" म्हणायचे. मला रडू आलं, मोठ्याने आलं. त्यांनी आत डोकावलं नाही, पण मोरीचं दारही लोटून घेतलं नाही. बसून राहिले.

पुढचे चार दिवस मी कामावरून आले की आम्ही तेच करत होतो. साज सगळा उसवला, खरवडून स्वच्छ केला. ज्योत मी द्यायची, पाण्याची परीक्षा त्यांनी घ्यायची, रंग त्यांनीच द्यायचा. ब्रश कसा धरावा हे मला त्यांच्याकडून कळलं, एवढी वर्षं मी नुसती शाई ओढत होते. रंग वाळल्यावर कारखान्यातली चिकटपट्टी आणून मी किरीटावर दाबली आणि खसकन ओढली. पट्टी कोरी निघाली. त्यांनी स्वतः तीनदा ओढून बघितली, मग शेजाऱ्याला बोलावून त्याला ओढायला लावली.

पूजेच्या संध्याकाळी चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत फळ्यांचा रंगमंच घातला होता. मी बायकांत मागे बसले होते. राजा आला तेव्हा दिव्यांत तो साज असा उजळला की पोरं गप्प झाली. पुढे युद्धात राक्षसाने त्यांना धरून ओढलं, घामाने बंडी भिजली, मानेचा त्रास त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होता, दुसऱ्या कुणाला दिसला नसेल. सोनं मात्र जागचं हललं नाही. फक्त किरीट हनुवटीला बांधायच्या पट्टीखाली, जिथे मी ज्योत फिरवायला चुकले होते, तिथे बोटभर निघालं.

नाटक संपल्यावर माणसं पोशाख हात लावून बघायला लागली. कोंड्याची थट्टा करणारा पोरगाही आला. "काका, झकास! कुठून रंगवून आणलंत?"

"सुनेन केल्यान," मामंजी म्हणाले. "रंगखात्यातली आसा ती."

शिमग्याला ते गावी गेले आणि तिथेच राहिले. मुंबईत आता त्यांना काम नव्हतं, सासूबाईही थकल्या होत्या. साज मंडळाकडे राहिला. पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस गेले. मी मालकांना सांगून छपाईच्या टेबलावरून पॅकिंगला गेले. कारण खरं होतं की नव्हतं याचा निकाल मला लावता येत नव्हता, पण टेबल बदलता येत होतं. नवऱ्याने ते पत्रातून गावी कळवलं. मामंजींच्या उत्तरात आंब्याचा मोहोर, गाय, छपराची कौलं सगळं होतं, याबद्दल ओळ नव्हती.

मुलगी झाली. ती पाच महिन्यांची असताना मे महिन्यात आम्ही गावी गेलो. गाडीतून उतरून घराच्या पायवाटेने खाली आलो, तर मामंजी पडवीत उभे, अंगात जुना सदरा, हाताला निळा रंग. आम्ही येणार म्हणून त्यांनी दारं-खिडक्यांना तेलरंग दिला होता. सासूबाई ओरडत होत्या, पाहुणे आले तरी रंगच चालू यांचा.

नवऱ्याने मुलगी पुढे केली. त्यांनी हात मागे घेतले. विहिरीवर जाऊन रॉकेलने हात धुतले, मग साबणाने, मग राखेने. परत आले, मुलीसमोर उभे राहिले, आणि दोन्ही तळवे नाकाशी नेऊन वास घेतला. पुन्हा घेतला. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"र्‍हवांदे," ते म्हणाले. "उद्या घेतंय."

आणि रात्री उकडत असतानाही त्यांनी आमची अंथरुणं नव्या रंगाच्या दारांपासून लांब, अंगणात घालायला लावली.