काकांचा राजीनामा

आमच्या मिरकाबच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे काका कुवेतमध्ये राहतात, यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. ते राहतात लंडनमध्ये, तेही शंभर वर्षांपूर्वीच्या! गाव नाशिक, नोकरी इथल्या शुऐबा बंदराजवळच्या कारखान्यात. पण एकेकाळी आपल्यावर राज्य करणाऱ्या इंग्रज साहेबांच्या पक्षांत कोणी कोणाचा पाय कसा ओढला, हे त्यांना सख्ख्या चुलत्यांच्या भांडणासारखं पाठ. लिफ्टमध्ये गाठून विचारायचे, "व्हाइसरॉयला खरं कोणी पाडलं, सांग. त्याच्याच पक्षाने!" चौथा मजला येईपर्यंत एक अख्खं मंत्रिमंडळ कोसळलेलं असायचं. काकू गेल्यावर हे सगळं ऐकवायला त्यांना एकच जागा उरली होती, आमचं मराठी मंडळ. चौदा वर्षं ते त्याचे अध्यक्ष होते.

मंडळही साहेबाच्या शिस्तीत चाले. भेळेत कांदा घालायचा की नाही, यावरसुद्धा हात वर करून मतदान. आणि दर बैठकीत एक धडा ठरलेला, "नेत्याने राजीनामा दिला की स्वीकारायचा. मनधरणी करायची नाही. तिथेच आपण मार खातो."

गेल्या गणपतीत समितीने अध्यक्षीय भाषण पाऊण तासावरून दहा मिनिटांवर आणलं. काकांनी खिशातून राजीनामा काढला आणि टेबलावर ठेवला. आमचे चिटणीस रत्नागिरीचे, अत्तराचं दुकान चालवणारे, सरळ माणूस. ते म्हणाले, "काकांनीच शिकवलंय, स्वीकारायचा. अनुमोदन कोणाचं?"

आणि माझा हात वर गेला! चौदा वर्षांची सवय, दुसरं काय. मग मी काकांकडे पाहिलं. ते खुर्चीतून उठलेच नव्हते. कोणीतरी "अहो काका, असं काय करता?" म्हणेल, याची वाट पाहत होते. चौदा वर्षांत त्यांचं इतकं मनापासून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं होतं. मला माझ्या हाताची अजून शरम वाटते.

पुढच्या बैठकीला ते येणार नाहीत, असं मी धरून चाललो होतो. आले. समितीच्या टेबलासमोर, भिंतीला खुर्ची लावून एकटेच बसले. "विरोधी पक्ष," म्हणाले. कोणालाही हसू आलं नाही. मी माझी खुर्ची उचलली आणि त्यांच्याशेजारी नेऊन ठेवली.

"पक्षांतर वाईट रे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. मग त्यांनी पिशवीतून चहाचा थर्मास काढला. कप मात्र त्यांनी घरूनच दोन आणले होते.