मावशींच्या भिंतीवरची माणसं

कुलूप काढलं की मावशी लगेच आत शिरत नसत. उंबऱ्यावर थांबून पदर डोक्यावर घ्यायच्या, घसा खाकरायच्या आणि मगच पाऊल टाकायच्या. आत कुणीही नसायचं. एकट्या बाईची एक खोली, त्यात स्टोव्ह, ट्रंक आणि पाण्याचा माठ. मी एकदा विचारलं, "मावशी, रिकाम्या घरात खाकरता कशाला?" त्यांनी हनुवटीनंच भिंत दाखवली. "घरात वडीलधारं माणूस हाय."

ही पन्नास-साठच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. पिंपरीला औषधांचा कारखाना नवा उभा राहिला होता, ह्यांना तिथं नोकरी लागली आणि आम्ही कारखान्याच्या कॉलनीतल्या चाळीत राहायला आलो. बाहेर माळ आणि बाभळी, आत पांढऱ्याफटक भिंती. नव्या घरात राहायला गेला असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल, कोऱ्या भिंतीसमोर पहिले काही दिवस उगाच परक्यासारखं वाटतं. त्यामुळे जो तो खिळे ठोकत सुटला होता. कुणाकडे लक्ष्मी, कुणाकडे पुढारी, कुणाकडे हंसांची जोडी. आमच्या ह्यांनी बर्फाच्या डोंगराचं कॅलेंडर लावलं आणि सासूबाईंचा फोटो नेमका माझ्या स्टोव्हच्या वर. आमटीत गूळ जास्त पडला की मी त्यांच्याकडे बघायचं टाळत असे.

मावशींची एकटीचीच भिंत कोरी राहिली होती. त्या आमच्या शेजारच्या. मूळच्या खेडकडच्या. नवरा तरुणपणीच गेला, पोरबाळ नाही, सासरची आणि माहेरची माणसंही एकेक करत संपली. कारखान्यात औषधाच्या बाटल्या खोक्यांत भरायचं काम त्या करायच्या. शिफ्ट संपली की बाकीच्या बाया घराकडे पळत सुटायच्या आणि मावशी रमतगमत यायच्या. एक दिवस म्हणाल्या, "चल, माझ्या भिंतीला बी कायतरी बघू."

आम्ही कॅम्पातल्या बाजारात गेलो. फाळणीनंतर सिंधमधून आलेली मंडळी तिथं वसली होती. त्यांच्यातलाच एक फोटोग्राफर फोटो काढायचा, फ्रेमा करायचा आणि तसबिरीही विकायचा. त्यानं उत्साहानं एकेक काढून दाखवायला सुरुवात केली. मावशींना काही पसंत पडेना. देव म्हणे देवळात भेटतात. पुढाऱ्यांचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. मग त्यानं तळ्याकाठच्या टुमदार बंगलीचं चित्र काढलं. मला ते फारच आवडलं होतं. मावशींनी ते दोन्ही हातांनी धरून नीट न्याहाळलं आणि परत दिलं.

"दारात माणूस न्हाई," त्या म्हणाल्या. "असलं एक घर हाय की माझ्याकडं."

परत निघताना त्यांना कोपऱ्यात धूळ खात पडलेली एक फ्रेम दिसली. एका कुटुंबाचा फोटो. मध्ये खुर्चीवर टोपीवाला म्हातारा, शेजारी म्हातारी, मागे दोन मुलगे आणि थोरली सून, पुढे जमिनीवर पाच-सहा वर्षांची मुलगी. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, मुलगी तेवढी भलतीकडेच. दुकानदार म्हणाला, कॅम्पातलंच कुटुंब होतं, फोटो न्यायच्या आधीच कल्याणच्या कॅम्पात गेलं. ना पत्ता ना निरोप. आता कोण येतंय, काचेचे तेवढे द्या.

तर अशी मावशींकडे माणसं आली.

बायकांनी चेष्टा करायची संधी सोडली नाही. मावशी, तुमच्या सासरी बायका सलवार घालतात वाटतं, असं कुणीतरी म्हणालं. मावशी रागावल्या नाहीत. हे आपले कुणी आहेत असं खोटंही त्यांनी कधी सांगितलं नाही. कुणाचे आहेत ठाऊक नाही, पण घरात माणसं असावीत, एवढंच म्हणायच्या. हळूहळू मात्र म्हाताऱ्याचा आबा झाला, मुलग्यांचे थोरला आणि धाकला झाले. मुलीचं नाव ठेवलं ठकी. बाकीच्यांशी त्या जपून वागायच्या. ठकीला मात्र रागवायच्या. पोरगी एका जागी ठरत न्हाई, फोटोत बी इकडंतिकडं बघतीया. संक्रांतीला तिळगुळाची वाटी आधी फोटोपुढे ठेवायच्या, मग आम्हाला. एकदा दारावर कासार आला तेव्हा त्यांनी लहान मापाच्या हिरव्या बांगड्या घेतल्या आणि फोटोच्याच खिळ्याला अडकवल्या. ह्या माणसांपायी बाई वेडी होणार, असं आमचे हे म्हणायचे. मला तसं कधी वाटलं नाही. मला वाटायचं ते एवढंच, की ही बाई किती एकटी असेल, आणि भिंतीपलीकडे असूनही आपल्याला ते कधी ऐकू आलं नाही.

अशी दोन-तीन वर्षं गेली. एका रविवारी दुपारी मी मावशींच्या दारात बसून तांदूळ निवडत होते. कॅम्पातला तो फोटोग्राफर एका माणसाला घेऊन आला. माणूस वाळलेला, कानशिलं पिकलेली. मी ओळखलं नाही. मावशी ताडकन उठल्या, पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "धाकला आला."

खरंच तोच होता. तो बिचारा अजून दारातच घुटमळत होता तोवर मावशींनी त्याला पाणी दिलं, गूळ दिला, बसायला सतरंजी घातली. आबा कसे आहेत, म्हणून विचारलं. तो गोंधळून फोटोग्राफरकडे बघायला लागला. मग त्याची नजर भिंतीवर गेली आणि तो तिथंच खाली बसला.

मोडक्यातोडक्या मराठी-हिंदीत त्यानं सगळं सांगितलं. ती मुलगी त्याच्या थोरल्या भावाची. नाव मोहिनी. कल्याणला गेल्यावर पहिल्याच वर्षी तापात गेली. तिचा दुसरा फोटोच नाही. तिची आई आता म्हणते, मला तिचा चेहरा आठवेनासा झालाय. म्हणून शोधत आलो. फोटोग्राफर ओशाळून म्हणाला, मावशींना मी ह्याच फोटोवरून दुसरा काढून देतो, अगदी हुबेहूब.

मावशी फोटो देणार नाहीत असंच मला वाटलं. विकत घेतलेली वस्तू, कोण काय म्हणणार? आणि खरं सांगायचं तर त्यांनी देऊ नये, असंच मला वाटत होतं. तो माणूस जाईल कल्याणला, त्याच्या घरात माणसं आहेत. हिच्याकडे कोण आहे?

मावशींनी स्टुलावर चढून स्वतःच फोटो उतरवला. काच पदरानं पुसली, ठकीवरून जरा जास्त वेळ. मग ट्रंकेतलं धुवट लुगडं काढून त्यात फ्रेम गुंडाळली आणि बांगड्या वर बांधल्या.

"दुसरा नगं काढू," त्या फोटोग्राफरला म्हणाल्या. "कुणाची न्हवती तवर माझी होती. आता तिची आई हाय."

दोघं गेल्यावर मावशी बाहेर आल्या आणि चाळीच्या टोकाच्या नळावर गेल्या. भर दुपारी, नेसत्या लुगड्यानिशी त्यांनी बादलीभर पाणी डोक्यावर ओतून घेतलं. मग आणखी एक. नळावरच्या बायका भांडी टाकून बघत राहिल्या. ही कसली अवेळी अंघोळ, असं एकीनं विचारलं.

"सुतकाची," मावशी म्हणाल्या. "पोरगी गेली आमची. उशिरा कळलं."

कुणी हसलं नाही. त्या निथळत घरात गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मी घरी येऊन स्टोव्ह पेटवला. पिठलं टाकलं, भाकरी थापायला घेतली. हे पेपर वाचत होते. जेवणं नुकतीच झाली होती, आता भाकरी कुणाला, म्हणून त्यांनी विचारलं. सुतकाच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, जेवण शेजारून जातं, मी म्हणाले. कोण गेलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, शेजारची ठकी.

ताट घेऊन गेले तेव्हा मावशी ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. जेवा म्हटलं तर ताटाला हात लावेनात. शेवटी मी पिठल्याशी भाकरीचा तुकडा मोडला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. अशा वेळी पहिला घास घरच्या माणसानं भरवायचा असतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.