पाच दिवसांचं बेट

निर्जन बेटावर एकटीनं राहायची वेळ आली तर मी पहिल्याच दिवशी रडून मरेन, असं आमचे हे म्हणायचे. वेळ आली तेव्हा बघायला तेच नव्हते. बेट मात्र घरपोच आलं. मारतहळ्ळीत, आमच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर.

रात्रीच्या पावसानं वरच्या अंगाचा तलाव भरून वाहिला आणि सकाळी पार्किंगमध्ये गाड्यांचे नुसते टप दिसत होते. वीज गेली, पंप गेला, पाठोपाठ नळही गेले. दुपारी ट्रॅक्टर आला. एरवी लिफ्टमध्ये मान न हलवणारे सगळे शेजारी लॅपटॉप छातीशी धरून ट्रॉलीत दाटीवाटीनं उभे राहिले. मी गेले नाही. घरात गणपती होता.

गणपती बसला की पाचव्या दिवशीच्या विसर्जनापर्यंत आमच्याकडे घराला कुलूप लागत नाही. कुणीतरी माणूस घरात हवंच. त्यात हे गेल्यावरचा माझा पहिलाच गणपती. माझे मोठे दीर, ज्यांना सगळं घराणं अण्णा म्हणतं, मुद्दाम शहरातल्याच चामराजपेटहून येऊन बजावून गेले होते, "एकटी बाई तू, कसं निभावणार? या वर्षी करून बघ. पण घर एकदा जरी बंद ठेवलंस, तर पुढच्या वर्षीपासून गणपती माझ्याकडे." यांनी स्वतः रंगवलेला पाट होता तो. मला तो दुसऱ्या घरी जाऊ द्यायचा नव्हता.

"आंटी, पाणी दारातच आलंय, आत्ताच विसर्जन करून टाका की!" असोसिएशनचे सेक्रेटरी ट्रॉलीतून ओरडले. त्या पाण्यात अख्ख्या लेआउटमधल्या घरांचे संडास मिसळले होते. देवाला त्यात सोडण्यापेक्षा मी सेक्रेटरींना सोडलं असतं.

ट्रॅक्टर गेला आणि इमारतीत मी आणि गणपती एवढेच उरलो. फोनही संध्याकाळपर्यंत मेला. बेटावरची माणसं मासे भाजून खातात म्हणे. मी सामान भरलं होतं नैवेद्याचं, त्यामुळे रोज गूळ-खोबरं आणि मोदक. देवाला दाखवायचे आणि आपणच खायचे. चौथ्या मोदकानंतर खाऱ्या शेंगदाण्यासाठी जीव टाकला असता मी. पाणी होतं सणासाठी भरलेल्या हंड्यातलं, तेवढंच. आंघोळीला फाटा दिला, ओल्या फडक्यानं अंग पुसून पूजा केली. भांडी तशीच पडली. चहाही अर्धा कप.

घरात दमट वास सुटला म्हणून पूजेचं पिवळं रेशमी सोवळं गॅलरीत टाकलं, तर बचाववाल्यांची रबरी होडी लगबगीनं खाली आली. त्यांना वाटलं, बाई मदतीसाठी निशाण फडकवतेय!

"बन्नी अक्का, या लवकर!" होडीवाला म्हणाला.

"येत नाही. सोवळं वाळत घातलंय."

"आत कोण आहे आणखी?"

"गणेशा."

त्यानं हात जोडले, दोन बनपाव वर फेकले आणि होडी वळवली. सुटका करायला आलेल्यांना परत पाठवणारी मी बहुधा पहिलीच. होडी दिसेनाशी झाली तेव्हा मात्र मला रडू आलं. यांचं म्हणणं तेवढं खरं केलं मी.

पाचव्या दिवशी अण्णा आले. ट्रॅक्टरवरून, धोतर गुडघ्याच्या वर, कपाळावर घाम. "किती फोन केले! वेडी आहेस का तू?" जिना चढता चढता बोलणं चालू होतं. "चल आता. मूर्ती मी घेतो, तिकडे नेऊन नीट विसर्जन करू."

"घर उघडंच आहे अण्णा. एक दिवसही बंद नव्हतं," मी म्हटलं.

मी हंड्यातलं उरलेलं सगळं पाणी बादलीत ओतलं. मूर्ती कशीबशी बुडेल एवढं होतं.

"अगं, पिण्याचं ना ते? बाहेर एवढं पाणी आहे!"

"बाहेरचं तुम्ही आत्ता बघून आलात."

आरती झाली. अण्णांनी सवयीनं मूर्तीसाठी हात पुढे केले. आमच्या घराण्यात बाईनं विसर्जन केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मी मूर्ती उचलली आणि हळूच बादलीत सोडली. अण्णांचे हात तसेच राहिले. मग त्यांनीच जुन्या सवयीनं आवाज लावला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

"कुठे, अण्णा?"

ते पाटाकडे बघत राहिले. मोदकांचा रिकामा डबा, न घासलेली भांडी, गॅलरीतलं सोवळं, सगळं बघून झालं.

"इथंच, आणखी कुठे," ते म्हणाले. "आता स्वल्प पाणी दे मला. घसा सुकलाय."

मी बादलीकडे बोट दाखवलं. शाडू विरघळायला लागली होती.